कंत्राटी आयटी काम: तासाचा दर कसा काढावा, कसा वाढवून घ्यावा

नोकरी सोडून पहिल्यांदा कंत्राटावर येणारे बहुतेक जण दर काढताना एकच भागाकार करतात. पॅकेज १८ लाख, म्हणजे महिन्याला दीड लाख. महिन्याचे २२ दिवस, दिवसाचे आठ तास. उत्तर येतं ताशी ८५२ रुपये. त्यावर थोडे चढवून ९०० सांगितले की वाढ मिळाल्यासारखं वाटतं, पण कर बाजूला ठेवला तर हा माणूस जुन्या नोकरीपेक्षा कमीच कमावणार आहे.

हिशेब दिवसांपासून सुरू करा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून शनिवार-रविवारचे १०४ वजा, उरले २६१. सणावाराच्या सुट्ट्या १२, आजारपण आणि रजा मिळून १८ आणि दोन कामांच्या मधला रिकामा महिना म्हणून २१ दिवस धरा. हातात राहतात २१० दिवस, म्हणजे १,६८० तास. पगारदाराला रजेचे पैसे मिळतात, कंत्राटदाराला नाही. सगळा फरक इथेच पडतो. आता १८ लाखांत घरच्यांचा आरोग्य विमा, लॅपटॉप, इंटरनेट, सीएची फी असे साधारण एक लाख मिळवा आणि १९ लाखांना १,६८० ने भागा. ताशी १,१३१ रुपये. आधीच्या आकड्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश जास्त, आणि ही अजून वाढ नाही, फक्त बरोबरी आहे. तुम्ही व्हेंडरच्या, म्हणजे क्लायंट कंपनीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, पेरोलवर असाल, पगारी रजा आणि विमा तो देत असेल, तर तेवढे दिवस आणि तेवढी रक्कम हिशेबातून काढा.

यानंतर समजून घ्यायची ती साखळी. क्लायंट ज्या दराने पैसे देतो तो बिल रेट, तुमच्या हातात पडतो तो पे रेट, आणि मधल्या प्रत्येकाचं मार्जिन. समजा क्लायंट ताशी १,६०० देतो, मुख्य व्हेंडर त्यातले १,३५० पुढे सरकवतो आणि त्याच्याखालचा व्हेंडर तुम्हाला १,१०० देतो. या दुसऱ्याकडे तुम्ही १,३२० मागितले तर त्याच्या हातात ३० रुपये उरतात. तो नाही म्हणतो तेव्हा तुमच्या कामाची किंमत कमी नसते, त्याच्या खिशातच पैसे नसतात. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: ‘क्लायंटशी थेट करार तुमचाच आहे का, की मध्ये अजून कोणी आहे?’ उत्तर गोलमोल आलं तर मध्ये कोणीतरी आहे असंच धरून चाला.

मोठ्या कंपन्यांत आणखी एक अडसर असतो, रेट कार्ड. अनुभवाची वर्षं आणि स्किल यांनुसार दर आधीच गोठवलेले असतात आणि व्हेंडरला त्याबाहेर जाता येत नाही. इथे दर वाढवा म्हणून उपयोग नाही, गट बदलून मागा. ५ ते ८ वर्षांच्या गटात घेतलेल्या माणसाला मध्यंतरी आठ वर्षं पूर्ण झाली, तरी आपणहून कोणी त्याला वरच्या गटात टाकत नाही. नवा रेझ्युमे आणि अनुभवाची तारीख देऊन ते करून घ्यावं लागतं. बाकी कशाहीपेक्षा ही वाढ लवकर मंजूर होते, कारण मॅनेजरला वेगळं समर्थन लिहावं लागत नाही.

वेळ चुकली की सगळं चुकतं. पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे तुमच्या कामाची क्लायंटने काढलेली मुदतीची ऑर्डर) ३१ मार्चला संपत असेल तर बोलणं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवं. नवा पीओ मॅनेजर, प्रोक्युअरमेंट (खरेदी विभाग), फायनान्स अशा तीन टेबलांवरून जातो. शेवटच्या आठवड्यात तुम्ही तोंड उघडता तेव्हा तो जुन्याच दराने निघालेला असतो आणि पुढची संधी सहा किंवा बारा महिन्यांनी येते. आधी क्लायंटच्या मॅनेजरशी बोला, पण पैशांचा विषय तिथे काढू नका. कोणतं काम अर्धवट आहे, पुढच्या तिमाहीत काय येतंय, तुम्ही राहायला तयार आहात, एवढंच. ‘हा माणूस आम्हाला हवाच’ हे व्हेंडरला त्यांच्याकडून कळलं पाहिजे. मग व्हेंडरला मेल. त्यात हे मुद्दे पुरेत:

‘३१ मार्चला संपणाऱ्या ऑर्डरच्या मुदतवाढीबाबत. सध्याचा दर ताशी १,१०० रुपये आहे. या वर्षात रात्रीचा बॅच साडेचार तासांवरून ५० मिनिटांवर आणला आणि ऑक्टोबरपासून ऑन-कॉलची जबाबदारीही माझ्याकडे आहे. १ एप्रिलपासून ताशी १,३२० रुपये, जीएसटी वेगळा, असा दर अपेक्षित आहे. २० फेब्रुवारीपर्यंत कळवावे.’

घराचा हप्ता, महागाई, मित्राला किती मिळतात, यातलं काहीही लिहू नका. आकडा एकच द्या. ‘१,२०० ते १,३२०’ म्हटलं की समोरच्याला फक्त १,२०० ऐकू येतं. फोन येण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून ठेवा: मागायचा, चालेल असा आणि ज्याच्याखाली काम सोडायचं तो. तिसरा आकडा लिहिलेला नसेल तर फोनवर माणूस घसरत जातो. मात्र हातात दुसरी ऑफर नसताना सोडून जाण्याची भाषा करू नका. खात्री करून घ्यायला समोरचा ‘ठीक आहे’ म्हणू शकतो.

‘जीएसटी वेगळा’ हे दोन शब्द आम्हाला सगळ्या मेलपेक्षा मोलाचे वाटतात. १,१०० ने १,६८० तासांचे साडेअठरा लाख होतात, सेवांसाठीच्या जीएसटी नोंदणीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या आत. १,३२० ने ते २२ लाखांच्या वर जातात, म्हणजे वाढीमुळेच नोंदणी आणि १८ टक्के जीएसटी लागू होतो. दर जीएसटी धरून ठरला असेल तर १,३२० मधले तुमचे उरतात १,११९. वर्षभर झगडून मिळवलेली वाढ १९ रुपयांवर आली. टीडीएसचं तसं नाही: कामाच्या वर्गवारीनुसार २ किंवा १० टक्के कापला जातो, पण तो तुमच्या खात्यावर जमा असतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. जीएसटी इन्व्हॉइसवर वेगळा दाखवला तर टीडीएस मूळ रकमेवरच कापतात. ‘तुमचा टॅक्स तर निम्म्यावरच लागतो’ असं ऐकवून दर पाडायचा प्रयत्नही होतो. मिळकतीचा निम्मा भागच करपात्र धरण्याची, अनुमानित उत्पन्नाची ती सवलत कायद्याने तुम्हाला दिलेली आहे, तिचा दराशी संबंध नाही.

दर हललाच नाही तर पैसे मिळण्याची मुदत कमी करून मागा. ६० दिवसांच्या मुदतीत पहिल्या महिन्याचे पैसे तिसऱ्या महिन्याच्या शेवटी येतात. ताशी १,२०० आणि महिन्याला १६८ तास धरले तर चार ते सहा लाख रुपये कायम बाहेर अडकलेले. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणं २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. दर ताशी नसून महिन्याचा ठरला असेल तर बिनपगारी दिवसाची कपात २२ ने की ३० ने, हे लिहून घ्या: १,८०,००० वर एका दिवसाला ८,१८२ की ६,००० हा फरक पडतो. नोटीसही बघा. त्यांच्यासाठी एक आठवडा आणि तुमच्यासाठी ६० दिवस असं कलम सर्रास असतं, आणि बदलून मागितलं तर पुष्कळदा मिळतं.

फोनवर ‘झालं समजा’ आलं तरी सुधारित पीओची प्रत मेलवर येईपर्यंत काही झालेलं नसतं. १ एप्रिलला ती हातात नसेल तर त्याच दिवशी मॅनेजर आणि व्हेंडर दोघांना एकाच मेलवर विचारा आणि टाइमशीटमध्ये नवा पीओ क्रमांक दिसतोय का ते पाहा. जुन्या क्रमांकावर भरलेले तास जुन्याच दराने मंजूर होतात, आणि ते उलटवायला फायनान्सकडे पुन्हा तीच तीन टेबलं लागतात.