‘जवळच तर जायचंय’ म्हणून निघताय? हायवेच्या जॅममधल्या या चुका टाळा

गणपतीला कोकणात निघालेल्या ठाणेकराची गाडी पाहा. पाण्याचा कॅन, चहाचा थर्मास, दशम्या, चिवडा, आजीच्या गोळ्या, पोरांसाठी उशा. पळस्प्यापासून वडखळपर्यंत कुठेही अडकलो तरी निभावेल अशी जय्यत तयारी. तेच कुटुंब एखाद्या रविवारी वसईला साखरपुड्याला निघतं तेव्हा गाडीत अर्धी बाटली पाणी असतं, तेही दाराच्या कप्प्यात आठवडाभर तापलेलं. आणि नेमका त्याच दिवशी घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर ट्रेलर बंद पडलेला असतो.

बाकीच्या सगळ्या चुका या एका चुकीतून निघतात: तयारी अंतर बघून केली जाते. माजिवड्यापासून फाउंटन हॉटेलपर्यंत घोडबंदर रोड जेमतेम वीसेक किलोमीटरचा, मग तयारी कसली करायची? पण गाडी किती वेळ अडकेल हे किलोमीटरवर ठरत नाही. रस्ता कुठे चिंचोळा होतो, कुठे चढ लागतो आणि त्यावरून अवजड वाहनं किती जातात, यावर ठरतं. न्हावाशेवा बंदर आणि गुजरात यांच्यात ये-जा करणारे कंटेनर घोडबंदरवरूनही जातात. खारेगाव, साकेत पूल, माणकोली या पट्ट्यात भिवंडीच्या गोदामांचे ट्रक. शिळफाट्याला मुंब्रा बायपास, कल्याणचा रस्ता आणि महापेकडून येणारा रस्ता एकमेकांना भिडतात. कळंबोलीत सायन-पनवेल, बंदराचा रस्ता आणि एक्स्प्रेसवेची गर्दी. यातलं एक जरी ठिकाण वाटेत असेल तरी कोकणात निघाल्यासारखंच निघा. बंद पडलेला ट्रेलर हलवायला क्रेन लागते आणि ती क्रेनही त्याच रांगेत मागे कुठेतरी अडकलेली असते, हे लक्षात असू द्या.

सीएनजी आहे ना, मग पेट्रोल कशाला?

आपल्याकडे सीएनजी गाड्यांची कमी नाही आणि त्यातल्या कित्येकांचा पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने तळाला टेकलेला असतो. पंपावरची सीएनजीची रांग पाहून ‘येताना भरू’ म्हणायचं आणि पुढच्या जॅममध्ये सिलिंडर रिकामा होताना बघत बसायचं, असा हा प्रकार. पेट्रोल हा तुमचा राखीव साठा आहे, निदान पाव टाकी तरी ठेवा. शिवाय बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. टाकी कायम कोरडी ठेवली तर पंपाचं आयुष्य घटतं ते वेगळंच.

नुसत्या पेट्रोल-डिझेल गाडीचा हिशेब सोपा आहे. उभ्या गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवला तर लहान-मध्यम गाडी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पिते. चार तास अडकलात तर तीन-चार लिटर जागच्या जागी गेलं. म्हणून रांग मिनिटभराहून जास्त थांबली की इंजिन बंद करा. उकाडा असह्य झाला तर दहा मिनिटं एसी, मग पुन्हा बंद. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना या बाबतीत उगाच भीती घातली जाते. उभ्या गाडीचा एसी साधारण एक-दीड किलोवॉट खातो, म्हणजे तीस किलोवॉट-तासांच्या बॅटरीतून तासाला तीन ते पाच टक्के. पण घरूनच वीस टक्क्यांवर निघणाऱ्याला कुठलंच गणित वाचवत नाही.

लघवी लागेल म्हणून पाणीच न पिणं

याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही. विशेषतः बायका प्रवासाच्या सकाळपासूनच पाणी तोडतात. मे महिन्याच्या उन्हात पाण्याविना चार तास म्हणजे डोकेदुखी, चक्कर आणि नंतर मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका. पाणी तोडण्यापेक्षा सोय करून निघा. पुरुषांना रुंद तोंडाची, झाकणाची बाटली पुरते. बायकांसाठी उभ्यानं वापरता येणारी फनेल आणि द्रव शोषून घेणारी, वापरून टाकायची पिशवी मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळते. सोबत मोठी छत्री आणि ओढणी ठेवा, आडोसा होतो. वयस्कर माणसांना मोठ्यांचा डायपर सुचवायला घरचे संकोचतात. संकोच बाजूला ठेवा. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि तीन तास कळ काढणं हा त्यांच्यासाठी छळ असतो. अशी गोळी त्या दिवशी उशिरा घेतली तर चालेल का, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

उतरायची वेळ आलीच तर मधल्या लेनमध्ये उतरू नका. रांग थांबलेली असली तरी दोन लेनच्या फटीतून बाइकवाले सुसाट येतात. ड्रायव्हरनं दार डाव्या हातानं उघडावं. त्यामुळे अंग आपोआप वळतं आणि मागे नजर जाते.

जेवणाआधीचं इन्सुलिन पोहोचण्याआधीच घेणं

लग्नाचं जेवण एक वाजता, म्हणून काका साडेबाराला गाडीतच इंजेक्शन घेतात किंवा गोळी घेतात, आणि दोन वाजता गाडी अजून मानपाड्यालाच असते. रक्तातली साखर घसरते. घाम, थरथर, चिडचिड दिसू लागते आणि बाकीच्यांना वाटतं ट्रॅफिकनं वैतागलेत. जेवणाआधीचं इन्सुलिन हॉलवर पोहोचल्यावर, पान वाढलं जात असताना घ्यावं. साखर घसरल्याची शंका आली तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर तेवढंच पुन्हा, आणि बरं वाटल्यावर बिस्किटं किंवा केळं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन लावा. इन्सुलिन डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात ते निकामी होतं.

एका दिवसाची जादा औषधं पर्समध्ये हवीतच. ओआरएसचं नेहमीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं ओतून लहान मुलाला पाजू नका. खाण्याचं म्हणाल तर वेफर्स टाळा, खारटानं तहान वाढते. राजगिरा लाडू, चिक्की, खाकरा, केळी हे बरं. लिमलेटच्या गोळ्या आणि आवळासुपारी पोरांचं मळमळणं थोपवतात, असा आमच्याकडचा तरी विश्वास आहे.

चढावर अर्धा क्लच, खाली जळका वास

गायमुख असो की बोरघाट, चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरायची सवय वाईट. जळकट वास आला की समजा क्लच प्लेट जळायला लागली. हँडब्रेक लावा, न्यूट्रलला या, पुढे दोन गाड्यांइतकी जागा झाली की मगच पहिला गियर टाका. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.

तापमानाचा काटा वर चढला तर आधी एसी बंद. मग हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात आणि काचा खाली. हे ऐकायला उलटं वाटतं, पण इंजिनाची उष्णता त्यामुळे बाहेर निघते. काटा उतरला नाही तर डावीकडे घेऊन इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

इंजिन बंद करून गाणी, हेडलाइट आणि हझार्ड तासभर चालू ठेवले की जुनी बॅटरी मान टाकते. हझार्डची गरज रांगेच्या शेपटाला असलेल्या गाडीला असते, मधल्यांना नाही. जम्पर केबल गाडीत असू द्या आणि क्रमही माहीत असू द्या. लाल टोक आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळं टोक चांगल्या बॅटरीच्या उण्याला आणि दुसरं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, उगाच चार माणसं घामाघूम करू नका.

मॅपनं दाखवली ती गल्ली

मॅप लाल झाला की सगळ्यांनाच तोच पर्याय दिसतो. मग काल्हेर-कशेळीचा रस्ताही तुंबतो आणि तिथे तर वळायलाही जागा नसते. राँग साइडनं घुसणाऱ्यांबद्दल काय बोलायचं! त्यांच्यामुळे समोरची लेनही अडते आणि रुग्णवाहिकेला कुठल्याच बाजूनं वाट उरत नाही. एक्स्प्रेसवेच्या कडेची पट्टी म्हणजे जादा लेन नव्हे, क्रेनला पोहोचायची वाट तीच असते.

मदत मागताना नुसतं ‘घोडबंदरला आहोत’ म्हणू नका. कुठून कुठे चाललात, कुठल्या बाजूला आहात, जवळचा पूल, पंप किंवा किलोमीटरचा दगड सांगा. पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

पाणी चढत असेल तर

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाण्यात अडकलेल्या गाड्यांतून बाहेर न पडल्यानं माणसं गेली. पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं की गाडीचा मोह सोडा. सेंट्रल लॉक आणि पॉवर विंडो बंद पडायच्या आत काचा खाली करा आणि बाहेर पडा. काच फोडायची छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताला लागेल अशी ठेवा. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा पुन्हा चालू करायला जाऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

सगळी तयारी डिकीत

सामान घेतलं, पण ते आहेरांच्या पिशव्यांखाली आणि सीएनजीच्या सिलिंडरमागे. भर पावसात डिकी उघडायला कोण उतरणार? माणशी लिटरभर पाणी, कोरडा खाऊ, टॉर्च, टिश्यू, कचऱ्याची पिशवी आणि हातोडी पुढच्या सीटच्या मागच्या कप्प्यात किंवा हाताला येईल अशा जागी असावं. मात्र पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी नको, घरंगळून ब्रेकखाली अडकते. औषधं आणि पॉवर बँक कायमची गाडीत ठेवायची नाही. उन्हात उभ्या गाडीत दोन्ही खराब होतात आणि फुगलेली पॉवर बँक पेटूही शकते. ती घरी गाडीच्या किल्लीशेजारी चार्जिंगला असू द्या, किल्ली उचलताना दिसेल.