ताईची वही कोरी का राहिली

होमस्कूलिंग म्हणजे काय, शाळा का नको, समाज काय म्हणेल, हे सगळं तुमचं वाचून झालं असेल असं धरते. तुमच्या घरात एकच मूल असेल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही. हे लिहितेय ते तीन-चार-पाच मुलांच्या घरासाठी. अशी घरं कमी, आणि सल्ला देणारे बहुतेक एका मुलाचे आईबाप. त्यांनी एका मुलासाठी केलेलं नियोजन पाचांना लावायला गेलात की तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात रडत बसाल. मी बसले होते.

आमचं घर निफाड तालुक्यात. आम्ही दोघी जावा, द्राक्षाची बाग, सासूबाई, आणि पाच मुलं: माझी तीन, जाऊबाईंची दोन. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरली पाचवीत होती. शाळा परत उघडल्या तेव्हा मुलं रमलेली होती, बागेचं काम सुरू होतं, आणि पाठवायचं पुढे पुढे ढकलत आमचा निर्णय आपोआपच झाला. आदर्शवाद वगैरे नंतर आला. आधी आळस होता, हे कबूल.

कागदपत्रांचं पटकन सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, वयोगट ६ ते १४. त्यात घरी शिकण्याचा उल्लेख नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. आमच्याकडे शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एक गुरुजी आले होते. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, मधल्याला पंधराचा पाढा विचारला आणि म्हणाले, "ताई, दाखला जपून ठेवा बरं का." हा सल्ला लाखाचा निघाला. मूल कधीही शाळेत गेलं असेल तर शाळा सोडल्याचा मूळ दाखला काढून प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवा. पुढे राज्य मंडळाची दहावी सतरा नंबरच्या फॉर्मने, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, द्यायची वेळ आली तर तोच मागतात.

आम्ही मात्र थोरलीसाठी एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी घेतली. वय १४ पूर्ण लागतं, मराठी माध्यम मिळतं, किमान पाच विषय, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं आणि नऊ संधी, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची गरज नाही. तिने मराठी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि चित्रकला घेतली. एप्रिल २०२४ ला फक्त मराठी आणि गणित द्यायचं ठरलं.

आता जिथे आम्ही आपटलो ते.

पहिली दोन वर्षं माझं वेळापत्रक चार्टपेपरवर होतं. पाच रांगा, पाच रंग, आणि वर लॅमिनेशन. (लॅमिनेशनचे पैसे अजून सलतात.) नऊ ते साडेनऊ मधल्याचं गणित, तेव्हाच जाऊबाईंच्या मुलीचं मराठी, तेव्हाच धाकट्याची अक्षरं. कागदावर छान दिसायचं. प्रत्यक्षात नऊ वाजता मी भाकऱ्या थापत असे, जाऊबाई गोठ्यात, पुरुष बागेत. आणि तरीही सगळं सुरळीत चालायचं. पाहुणे यायचे, पाचही जण ओळीने बसून लिहितायत हे बघायचे आणि म्हणायचे, "किती शिस्त!" मला वाटायचं, जमलं बुवा आपल्याला.

जमलं होतं कारण थोरली तिथे बसलेली होती.

कोणाचं हातच्याचं गणित चुकलं, ताई. खोडरबर हरवला, ताई. शेंडेफळाला शी लागली, ताई. तिला कोणी हे काम दिलेलं नव्हतं, आणि यातच खरी गोम आहे. दिलं असतं तर कधीतरी परत घेतलं असतं. ते तिच्याकडे वाहत गेलं, पाणी उताराकडे जातं तसं. घरातलं सगळ्यात समजूतदार माणूस, मोकळं दिसणारं, हाकेच्या अंतरावरचं. ती कुरकुर करत नव्हती. संध्याकाळी मी विचारायचे, "तुझं झालं का गं?" ती म्हणायची, "झालं." मी वही उघडून बघत नसे. पाच मुलांच्या घरात जे मूल "झालं" म्हणतं त्याची वही बघितली जात नाही, जे रडतं त्याची बघितली जाते.

जानेवारी ते मार्च आमच्याकडे काढणी. तिच्या परीक्षेच्या वर्षी माल लवकर तयार झाला आणि दोन महिने आम्ही दोघी जावा पॅकिंगला उभ्या. पोरं पूर्णपणे तिच्यावर. एप्रिलमध्ये तिने पेपर दिले, जूनमध्ये निकाल लागला. मराठीत पास. गणितात २७.

मी आधी तिच्यावर चिडले, हेही लिहून ठेवते. म्हणाले, "दिवसभर घरात असतेस, करतेस काय?" ती काही बोलली नाही. माळ्यावर गेली आणि सगळ्यांच्या वह्या आणून माझ्यासमोर ठेवल्या. बाहेर पहिला पाऊस, लाईट गेलेली, मोबाइलच्या उजेडात मी त्या चाळत बसले. चारही लहानांच्या वह्यांत लाल पेनाच्या खुणा, शेजारी "छान", "परत कर", "अंक नीट काढ". अक्षर तिचं. जानेवारीपासून एकही पान माझ्या किंवा जाऊबाईंच्या हातचं नाही. तिची स्वतःची गणिताची वही उघडली तर तारीख, "वर्गसमीकरणे" असं अधोरेखित शीर्षक, दोन उदाहरणं, तिसरं अर्धं, आणि समासात सातचा पाढा उलटा लिहिलेला. तो कोणालातरी समजावताना लिहिलेला. पुढचं पान, तीच गत. घरी लिहून ऑनलाइन पाठवायच्या स्वाध्यायाला २० टक्के वजन असतं. तोही तिने शेवटच्या रात्री कसाबसा लिहिला होता.

हे मी इतकं लांबवतेय कारण ज्या ज्या मोठ्या घरांशी नंतर बोलले, तिथे थोडंफार हेच होतं, आणि बहुतेक ठिकाणी थोरली मुलगीच होती. थोरला मुलगा असला की त्याला बाहेरची कामं लागतात, घरातला वर्ग त्याच्या गळ्यात पडत नाही. यावर मला एक ठरलेलं उत्तर ऐकवतात: "शिकवताना आपणही शिकतो." खरंय. पण तिसरीचा हातचा चौथ्या भावंडाला शिकवून दहावीचं बीजगणित येत नाही. आपल्या सोयीला तत्त्वज्ञानाचं लुगडं नेसवू नका.

तुमच्या घरात हे चाललंय का ते बघायला एक आठवडा द्या. लहानांच्या वह्यांत तपासणीचं अक्षर कोणाचं आहे ते बघा. "ताई" किंवा "दादा" अशी हाक सकाळी नऊ ते बारा किती वेळा येते ते मोजा. मी एका बुधवारी कालनिर्णयवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिते तिथे, रेघा मारल्या. एकतीस भरल्या, मग मारणं सोडून दिलं.

घाबरू नका. हे दुरुस्त होतं, आणि पैसे न घालता होतं.

आम्ही लॅमिनेट केलेला तक्ता काढून धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवला. नवीन नियोजन थोरलीपासून सुरू केलं. आधी तिचे तास, ते भरल्यावर उरलेल्या जागेत बाकीचे. सकाळी सहा ते साडेआठ ती माळ्यावर, दार लावून. त्या वेळात तिला हाक मारायची नाही, घराला आग लागली तरी सासूबाईंना सांगायचं. बारा वाजेपर्यंत लहानांना अडलं तर फक्त मोठ्या माणसाकडे जायचं, आणि मोठं माणूस नसेल तर त्या उदाहरणासमोर फुली मारून पुढचं घ्यायचं. पहिला महिना वाईट गेला. धाकटे सैरभैर, आठ-आठ फुल्या, जाऊबाईंचा मुलगा जिन्याच्या पायरीवर पाटी घेऊन रुसून बसायचा. दिवाळीपर्यंत फुल्या दोन-तीनवर आल्या. निम्म्या वेळा त्याला उत्तर येतच होतं, ताई जवळ होती म्हणून तो विचारत होता.

पाच रांगा बंद केल्या. गणित आणि भाषालेखन ज्याचं त्याचं, बाकी सगळं एकत्र. इतिहास, परिसर, विज्ञानाच्या गप्पा दुपारी जेवणानंतर सासूबाईंच्या खोलीत, सगळ्यांना एकच. बालभारतीची पुस्तकं फुकट डाउनलोड होतात, त्यामुळे चौथीचं आणि सातवीचं एकाच विषयाचं पान शेजारी शेजारी उघडता येतं. 'किशोर' मासिकाचे जुने अंक रद्दीवाल्याकडून आणले. त्यावर एक महिना निघतो.

बागेचा हिशेब दिरांनी घेतला. मुलांना फवारणीजवळ जाऊ देत नाही, हिशेब मात्र ओट्यावर त्यांच्याकडूनच. गेल्या वर्षी मधल्याला विचारलं, जीएचं (मणी फुगवायचं औषध) ४० पीपीएमचं, म्हणजे लिटरला ४० मिलिग्रॅमचं, पाणी करायचं तर एका ग्रॅमला किती लिटर? त्याने अर्धा तास घेतला, आधी अडीचशे सांगितलं, मग पंचवीस. दिर म्हणाले, "अडीचशे केलं असतंस तर मणी वाटाण्याएवढे राहिले असते." तो दशांश चिन्ह आता विसरत नाही.

हे ऐकून "वा, जीवनशिक्षण" म्हणू नका. बागेच्या नावाखाली पोरांना राबवणं फार सोपं असतं. थिनिंगच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या, दिवसांत पेठ, सुरगाण्याहून मजूर येतात, त्यांची लेकरं बांधावर बसलेली असतात. तीही शाळाबाह्यच. आमची हौसेने, ती नाइलाजाने. दोन वर्षं दुपारच्या वाचनाला ती चार-पाच जण येऊन बसतात. गुरुजींनी आमच्या पोरांची नोंद घेतली तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, त्यांनी खरं तर बांधावर जास्त वेळ बसायला हवं होतं.

आठवड्याचं नियोजन शनिवारी रात्री, पंधरा मिनिटं, आम्ही दोघी जावा आणि थोरली. त्यात फक्त तीन गोष्टी ठरतात. कोणतं मोठं माणूस कोणत्या दिवशी नऊ ते अकरा घरात राहील. दोन दिवसांची भाजी आधी कोणती चिरून ठेवायची. आणि कोणाची वही पूर्ण तपासायची. दर आठवड्याला एकच, आळीपाळीने. नऊ ते अकराचं माणूस नक्की नसेल तर बाकीचं नियोजन पाण्यात. नोकरी करणाऱ्या जोडप्यांनी हे वाक्य दोनदा वाचा. पाच मुलांचं होमस्कूलिंग "संध्याकाळी बघू" वर चालत नाही. एवढं माणूसबळ नसेल तर गावातली शाळा वाईट नाही, मी मनापासून सांगतेय.

मार्गदर्शक म्हणवणाऱ्यांबद्दलही. झूमवर पैसे घेऊन प्लॅनर विकणाऱ्या एका बाईंचा कोर्स मी केला होता. स्टिकर छान होते. "तुमच्या घरात भाकऱ्या कोण करतं?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. जो हे विचारत नाही त्याच्याकडून वेळापत्रक घेऊ नका. अपेक्षित प्रश्नसंचांचंही तसंच. शेवटच्या पंधरवड्यात सरावाला ठीक, त्याआधी आणले की मूल तेवढंच वाचतं. आणि मुंबईची ती दहावी-बारावी न दिलेली मुलगी २०१६ मध्ये प्रोग्रामिंग ऑलिम्पियाडच्या जोरावर एमआयटीला गेली, तिचं उदाहरण कोणी देऊ लागलं तर कौतुकाने ऐका आणि आपल्या मुलाचा एनआयओएसचा फॉर्म भरा.

परीक्षेचा महिना निवडताना घरचा हंगाम बघा. ऑक्टोबर आम्हाला छाटणीचा, म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरला तिला बसवलं नाही. "वर्ष वाया" असं नातेवाईक म्हणाले. नऊ संधी आहेत, त्यातली एक गेली होती. पुढच्या काढणीच्या दोन महिन्यांसाठी बाई लावली, भाकऱ्यांना. हाच काय तो आमचा शैक्षणिक खर्च. एप्रिल २०२५ ला गणित परत दिलं, ६१ आले. बाकीचे तीन विषय व्हायचेत.

मधला आता बाराचा झालाय. समजूतदार, हाकेच्या अंतरावर, आणि त्याला समजावून सांगायला आवडतं. परवा सकाळी सातच्या सुमारास शेंडेफळ पाटी घेऊन त्याच्याकडे निघालं, "दादा, हे बघ ना." मी तव्यावर, माझं लक्षही नव्हतं. माळ्यावरून दार उघडल्याचा आवाज आला आणि थोरली ओरडली, "त्याला नको विचारूस. काकू गोठ्यात आहे, तिकडे जा."

पाटी घेऊन ते गोठ्याकडे गेलं. दार परत लागलं.