२१ मिलिमीटरचा हट्ट: सांगलीत बसून आयरिश इंजिन

मिरज जंक्शनात आमच्या लहानपणी तीन मापांचे रूळ होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची ती अडीच फुटी. ते बघत वाढल्यामुळं असेल, रुळाचं माप चुकलेलं मॉडेल दिसलं की मला चप्पल उलटसुलट घातलेल्या माणसासारखं दिसतं. साखर कारखान्यात फिटर म्हणून ३१ वर्षं काढली. मुलगी आयर्लंडात कॉर्कला असते. तिच्याकडं गेलो तेव्हा तिथल्या केंट स्टेशनात १८४० च्या दशकातलं ३६ नंबरचं इंजिन उभं केलेलं बघितलं आणि आयरिश इंजिनाचं छोटं मॉडेल घरी करायचं हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच.

पण पहिलं मॉडेल त्याचं करू नका. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न रेल्वेचं १०१ क्लास घ्या, पुढं त्यालाच जे-१५ म्हणू लागले. १८६६ पासून शंभराहून जास्त निघाली आणि १९६० च्या दशकापर्यंत राबली. सहा चाकं, सिलिंडर चौकटीच्या आत. बाहेर दिसतो तो फक्त चाकं जोडणारा दांडा. नवशिक्याला याहून सोपं सोंग नाही. १८४ आणि १८६ ही दोन अजून जतन केलेली आहेत, त्यामुळं फोटो भरपूर. मात्र आधी एक नंबर आणि एक साल पक्कं करा. काहींचा बॉयलर फायरबॉक्सपाशी, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीपाशी गोल, काहींचा नंतर बदललेला, चौकोनी खांद्यांचा. दोन फोटो मिसळले की घोड्याला रेड्याचं तोंड.

आता माप. १ फुटाला ४ मिलिमीटर धरा, म्हणजे १ इंचाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. आयर्लंडात सुरुवातीला दोन रुळांमधल्या अंतराचा सावळा गोंधळ होता. डब्लिन-किंग्सटाउन लाइन ४ फूट साडेआठ इंचांची, तर अल्स्टर रेल्वे ६ फूट २ इंचांची. १८४६ च्या कायद्यानं सगळ्यांना ५ फूट ३ इंच लागू केलं. आपल्या हिशेबात २१ मिलिमीटर. दुकानात मिळतात ते रूळ साडेसोळाचे. त्यांवर आयरिश इंजिन ठेवलं की गुडघे आवळून उभं राहिल्यासारखं दिसतं. बरेच जण म्हणतात, 'कुणाला कळतंय?' मला कळतं, म्हणून तर हा लेख.

रूळ घरीच करायचे. सर्किट बोर्डाचा तांबं चढवलेला पत्रा ४ मिलिमीटर रुंद पट्ट्यांत कापायचा, ते झाले स्लीपर. तयार रुळांतले लोखंडी बार सोडवून त्यांवर सोल्डर करायचे. गेजसाठी पितळेचा ठोकळा २१ ला घासून घेतला, तोच दर दोन इंचांवर सरकवत जायचं.

चाकांचा शब्दसंग्रह बैलगाडीचाच वापरा, सोपा पडतो. जे-१५ चं चाक ५ फूट पावणेदोन इंच, म्हणजे २०.६ मिलिमीटर. धाव मी कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या लेथवर वळून घेतली. आतले आरे आणि तुंबा थ्रीडी प्रिंट करून धावेत बसवले. जाड कडेची, ओओ धाटणीची (दुकानातल्या साडेसोळाच्या रुळांवरच्या मॉडेलांसारखी) धाव असेल तर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये १९ मिलिमीटर ठेवा. तयार आस आखूड पडतो, नवा वळून घ्या. त्या १९ मधून चौकटीचे ०.७ चे दोन पत्रे आणि दोन्हीकडं अर्धा मिलिमीटर फट वजा करा. उरले १६.६. म्हणजे चौकटीच्या आतली आडवी पट्टी साडेसोळा. दुकानातला आख्खा रूळ आपल्या इंजिनाच्या पोटात मावतो, बघा.

इथं सावकाश चला. माझं पहिलं इंजिन लंगडायचं. अर्ध्या फेरीला अडे, मग ढकलल्यासारखं सुटे. मोटार बदलली, तेल घातलं, शिव्या घातल्या. दोष साधा होता. चौकटीची भोकं ड्रॉइंगवरून आखली होती आणि दांड्याची वेगळी. फरक ०.२ मिलिमीटरचा, पण तेवढा पुरतो. तेव्हा आधी दांडे करा. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर टाका मारून चिकटवा, एकदमच भोकं पाडा, आणि तोच दांडा चौकटीवर ठेवून आसांची भोकं त्यातूनच पाडा. माप चुकलंच तर दोन्हीकडं सारखं चुकेल. मधल्या आसाचं भोक कानशीनं वरखाली अर्धा मिलिमीटर सैल करा, म्हणजे वाकड्या रुळावर तीनही चाकजोड्या टेकतील.

मग क्रँकपिना, म्हणजे दांडा अडकवायच्या चाकांवरच्या खुंट्या. एका बाजूची पिन घड्याळात १२ वर असताना दुसऱ्या बाजूची ३ वर. हा कोन ९० च्या ऐवजी ८८ झाला तरी बिघडत नाही, पण तीनही आसांवर ८८ च हवा. मोटार बसवण्याआधी चौकट काचेवर तिरकी धरा. आपली आपण घरंगळली तर पुढं जा, नाही तर थांबा. रोबोटिक्सच्या दुकानातली एन-२० गिअर मोटार पुरते. बॅटरी टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या गाडीत टाकली की रुळातून वीज घेण्याची कटकट नाही.

बॉयलरला ०.२५ चा पितळी पत्रा. गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, नाही तर वळवलेला पत्रा स्प्रिंगसारखा उघडतो. जुन्या चपलेच्या रबरावर ठेवून गोल सळईनं लाटा. हातकठड्यांच्या तारेसाठी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलो. खर्जाची पितळी तार मायक्रोमीटरला ०.४५ भरली, खऱ्या कठड्याला जवळजवळ तंतोतंत. कारागिरानं विचारलं, 'कुठलं वाद्य?' मी म्हटलं, 'शिट्टी वाजवतं.'

रंगाला डोकं नको. १९२५ नंतर ग्रेट सदर्न रेल्वेच्या काळात ही इंजिनं चाकांसकट साधी करडी असायची. मोटारगाडीचा करडा प्रायमर मारून वाळत ठेवला तर बायको म्हणाली, 'झालं की, आता काय राहिलं?' खरंच फार नव्हतं. थोडा काळा मिसळून एक हात दिला आणि कंदिलाची काजळी चोळली.

मागं वाघिणी जोडायच्या त्या बीटच्या. तिकडं साखर उसाची नव्हती, बीटची. कार्लोचा कारखाना १९२६ चा, पुढं मॅलो, थर्ल्स, ट्यूम. गळिताच्या हंगामात उघड्या वाघिणी बीटनं भरून निघायच्या. हे वाचल्यावर मला कारखान्याच्या गेटवरची ट्रॅक्टरांची रांगच आठवली. वाघिणीसाठी प्लास्टिक शोधताना डब्याच्या बुडाचा त्रिकोण बघा. ६ आकडा असेल तर ते पॉलिस्टायरीन, अॅक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्याकडच्या पातळ सोल्युशननं झटक्यात जोडलं जातं. खिडकी तेवढी उघडी ठेवा. श्रीखंडाच्या डब्यावर ५ होता. त्याला काहीच चिकटत नाही, त्यात माझा एक रविवार गेला. फळ्यांच्या रेघा २.३ मिलिमीटरवर ओढा, म्हणजे सात इंची फळी होते.

माल म्हणून साबुदाणा टाकला होता, मुंग्यांनी दोन दिवसांत रिकामा केला. बीटचा गड्डा या मापात दीड मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे मोहरी. डिंकावर पसरा, वर मातकट रंग. मोहरी मात्र वेगळी पुडी आणा. फोडणीच्या डब्यातली घेतलेली लगेच कळते.