अस्वलाच्या मागावर, तीरकामठा घरी ठेवून

बडोद्याहून हालोल, तिथून देवगढ बारिया आणि पुढे कंजेटा अशी वाट धरली की सपाट शेते मागे पडतात आणि सागाच्या व बांबूच्या टेकड्या सुरू होतात. दाहोद जिल्ह्यातले रतनमहाल अभयारण्य याच टेकड्यांत, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून आहे. ५५.६५ चौरस किलोमीटरचे हे जंगल १९८२ साली प्रामुख्याने अस्वलांसाठी राखून ठेवण्यात आले. आपल्या आणखी जवळ, बडोद्यापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, जांबुघोडा आहे आणि अस्वले तिथेही आहेत. पण डोंगराच्या उघड्या सोंडा आणि समोरासमोरचे उतार रतनमहालात अधिक असल्यामुळे, ज्याला अस्वलाचा माग काढणे शिकायचे आहे त्याने सुरुवात तिथे करावी असे माझे मत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचा समावेश आहे, आणि त्या कायद्यात शिकारीची व्याख्या केवळ मारण्यापुरती नसून पकडणे, हाकणे आणि आमिष लावणे यांचाही तीत अंतर्भाव होतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी खुंटीवर एक तीरकामठा टांगलेला आहे. छोटाउदेपूरच्या हाटातून आणलेल्या या कामठ्याची प्रत्यंचासुद्धा बांबूच्या चिरलेल्या पट्टीची आहे, आणि गवताच्या भाऱ्यावर नेम धरण्यापलीकडे त्याचा उपयोग मी कधी केलेला नाही. अभयारण्याच्या फाटकाआत शस्त्र नेता येत नाही, म्हणून तो खुंटीवरच राहतो. तरीही या लेखात त्याचा उल्लेख येत राहील, कारण माग काढण्याची विद्या मुळात तीरकामठेवाल्यांची आहे.

बंदूकवाल्याला दुरूनच काम उरकता येते. तीरकामठ्याला मात्र आधुनिक धनुष्यासारखी ना पुली असते ना नेम धरण्याची खूण, त्यामुळे तो वापरणाऱ्याला जनावराच्या पंधरा-वीस पावलांपर्यंत जावे लागते. अमेरिकेतल्या डोंगरांत जे लोक परवाना काढून साध्या धनुष्याने काळ्या अस्वलाची शिकार करतात, तेही आधी समोरच्या कड्यावरून तासन्‌तास दुर्बिणीने उतार चाळतात, जनावर दिसल्यावर वारा पाहतात आणि मगच उतरतात. आपल्याला या क्रमातला शेवटचा टप्पा पूर्णपणे गाळायचा आहे, आणि आपल्या अस्वलाचा स्वभाव पाहता तो गाळणे शहाणपणाचेही आहे. तिकडचे काळे अस्वल माणसाची चाहूल लागल्यावर बहुधा निघून जाते. आपल्याकडचे अस्वल अचानक समोर माणूस आला तर घाबरून थेट अंगावर येते.

हिमालयात एक वेगळे काळे अस्वल असते. ते रतनमहालात नाही. इथले अस्वल विस्कटलेल्या लांब केसांचे, फिकट मुस्कटाचे आणि छातीवर इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखा पांढुरका पट्टा असलेले असते. वाळवी ओढून घेता यावी म्हणून त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात, नाकपुड्या त्याला मिटता येतात आणि ओठ सैल व लांब असतात. नजर आणि कान यथातथाच असतात. नाक मात्र विलक्षण तीक्ष्ण. मागावर जाणाऱ्याची सगळी आखणी या एका वाक्यावर अवलंबून असते.

हंगाम मार्च-एप्रिलचा निवडावा. पाने गळालेली असल्यामुळे उतार उघडे पडतात, पाणवठे मोजकेच उरतात आणि मोह, म्हणजे इथल्या बोलीतला महुडा, फुलू लागतो. मोहाची फुले रात्रभर आणि पहाटे गळतात. झाडाखाली पिवळट पांढऱ्या, रसाळ फुलांचा सडा पडतो आणि अस्वल ती खायला उजाडण्यापूर्वीच येते. मात्र याच वेळी गावातल्या बायका-मुले टोपल्या घेऊन तीच फुले वेचायला निघतात, आणि अस्वल व माणूस यांची गाठ पडते ती बहुतेक अशाच झाडांखाली. त्यामुळे मोहाचे झाड हे आपले पाहण्याचे ठिकाण असले, तरी बसण्याचे ठिकाण ते कधीही नसावे. पावसाळ्यात गवत आणि झुडपे इतकी माजतात की चार पावलांवरचे दिसत नाही, म्हणून तो काळ सोडून द्यावा. थंडीत अस्वल इथे झोपून राहत नाही, वर्षभर हिंडते. परंतु पिल्ले साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होतात आणि त्या दिवसांत माद्या गुहांजवळ असतात, हे लक्षात ठेवून कपारींच्या बाजूला फिरकू नये.

वनखात्याचा परवाना आणि स्थानिक वाटाड्या या दोन्ही गोष्टी अनिवार्य समजाव्यात. मी ज्यांच्याबरोबर जातो ते राठवा काका सत्तरीच्या घरात आहेत, आणि त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट कपड्यांविषयी होती. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत एवढे सर्वांनाच ठाऊक असते, पण ते आदल्या रात्री सुवासिक साबणात धुतलेले नसावेत, केसांना तेल नसावे, डासांचे मलम तर नसावेच, आणि डब्यात लसणाची चटणी किंवा लोणचे घेऊ नये. जॅकेट सळसळणाऱ्या कापडाचे नको. बूट पातळ तळव्याचे असावेत, म्हणजे पायाखाली काय आहे ते पायालाच कळते. आठ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. बारा पटीची हातात थरथरते आणि डोळा थकवते.

माग ओळखण्याचा सराव नाल्याच्या वाळूत करावा. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा पाहून नवखा माणूस दचकतो, कारण तो अनवाणी माणसाच्या पावलासारखा लांबट असतो. पुढचा ठसा रुंद व आखूड असतो. फरक बोटांत आणि नखांत आहे. अस्वलाची बोटे जवळपास एका सरळ ओळीत उमटतात, आणि पुढच्या पायाच्या बोटांपासून चांगली दोन-तीन बोटे अंतर सोडून नखांची टोके टोचलेली दिसतात, कारण ही नखे आठ-दहा सेंटिमीटर लांब असतात व मांजरासारखी आत ओढली जात नाहीत. बिबट्याच्या ठशात नखे उमटतच नाहीत, त्यामुळे त्या दोघांत गोंधळ होण्याचे कारण नाही.

ठशापेक्षा वारूळ अधिक बोलते. अस्वलाने फोडलेल्या वारुळाला एका बाजूने निमुळते भगदाड पडलेले असते आणि माती मागच्या बाजूला उडालेली असते. काका अशा वारुळापाशी बसले की आधी भगदाडाच्या कडेला बोट लावून पाहतात. माती आतून ओलसर, गडद आणि वाळवी अजून सैरावैरा धावत असेल, तर जनावर नुकतेच गेले आहे आणि आपण मागे फिरायचे आहे. वाळवीने कडेवर ओल्या मातीची नवी पोपडी धरायला घेतली असेल, तर मध्ये काही तास गेले आहेत. पोपडी वाळून टणक झाली असेल, तर तो माग जुना. विष्ठा हे दुसरे दफ्तर. मोहाच्या दिवसांत ती मऊ आणि फुलांच्या लगद्याची असते, पुढे टेंभुर्णी, जांभूळ, बहावा यांच्या बिया तिच्यात अख्ख्याच्या अख्ख्या सापडतात, आणि वाळवीवर दिवस काढलेल्या अस्वलाची विष्ठा मातकट व किड्यांच्या चकचकीत तुकड्यांनी भरलेली असते. विष्ठेत काय आहे ते कळले की उद्या पहाटे कोणत्या झाडांकडे दुर्बीण लावायची हे ठरते; मागामागे चालत जाण्याची गरजच उरत नाही.

आता वारा. डोंगरात वारा घड्याळासारखा चालतो, निदान स्वच्छ हवेच्या दिवशी. रात्री थंड झालेली हवा उतारावरून खाली सरकत असते आणि सूर्योदयानंतरही काही वेळ तशीच सरकत राहते. ऊन उतारावर चांगले पडले की ती उलटते आणि वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडताच पुन्हा खाली वळते. म्हणून उजाडताना जनावराच्या खालच्या बाजूला असावे आणि ऊन तापल्यावर वरच्या बाजूला. मधली वेळ, म्हणजे हवा उलटण्याची अर्धा-पाऊण तासाची संधी, सर्वांत बेभरवशाची असते आणि त्या वेळी जागचे हलू नये. हवा पाहण्यासाठी मी चुलीच्या चाळलेल्या राखेची पुरचुंडी विरळ मलमलीत बांधून खिशात ठेवतो व दर काही मिनिटांनी तिला टिचकी मारतो. राख कुठे वळते ते दिसते. हंगामाच्या अखेरीस सावरीची बोंडे फुटतात, तेव्हा तिचा कापूस याहून उत्तम, कारण तो तुमच्यापासून तीस-चाळीस पावलांवर वारा काय करतो तेही दाखवतो, आणि घळीच्या तोंडाशी तो बऱ्याचदा भलतेच काही करतो.

हे मी चूक करूनच शिकलो. एका एप्रिलमध्ये समोरच्या उतारावर, दीडशे मीटरवर, मादी आणि तिच्या पाठीवर बसलेले पिल्लू दिसत होते. ऊन चढत होते. राखेची पुरचुंडी खिशात असूनही दुर्बिणीवरून नजर काढणे मला जमले नाही. चेहऱ्यावर गार वाटत होते ते थांबले, आणि थोड्या वेळाने हलकी झुळूक मागून येऊ लागली, हे मला नंतर आठवले. मादी मागच्या पायांवर उभी राहिली, नाक वर करून दोनदा हुंगले आणि पिल्लासकट घाणेरीच्या जाळीत शिरली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या खिशाकडे फक्त पाहिले.

चालण्याची रीत सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे. पाऊल टाकताना आधी बाहेरची कड टेकवावी, खाली मोडण्यासारखे काही आहे का ते तळव्याने चाचपावे आणि मगच त्यावर भार द्यावा. तीन-चार पावले चालून थांबावे, ऐकावे, पुन्हा चालावे. मार्चमध्ये सागाची वाळकी पाने पापडासारखी वाजतात, तेव्हा गुरांच्या पायवाटा किंवा ओढ्यातले दगड धरावेत आणि वाऱ्याची झुळूक आली की तिच्या आवाजात पुढची पावले उरकावीत.

परंतु तीरकामठेवाल्याची ही नीरवता जिथे निदान पन्नास-साठ मीटर स्वच्छ दिसते तिथेच वापरावी, कारण तीच इतरत्र जिवावर बेतते. घाणेरीची जाळी, बांबूची बेटे, ओढ्याचे आंधळे वळण, कपारीचे तोंड अशा ठिकाणी निःशब्द चालणारा माणूस झोपलेल्या किंवा वाळवीत नाक खुपसलेल्या अस्वलाच्या पुढ्यात जाऊन पोहोचतो. तिथे खाकरावे, मोठ्याने बोलावे, काठी दगडावर आपटावी, आणि शक्य असेल तर वारा आपल्या पाठीवरून पुढे जाईल अशा बाजूनेच शिरावे, म्हणजे आपला वास आपल्याआधी पोहोचेल. चांगला वाटाड्या दिवसातून पन्नास वेळा गप्प होतो आणि पन्नास वेळा खोकतो. केव्हा काय करायचे याचा त्याला विचारही करावा लागत नाही.

बसण्यासाठी समोरच्या सोंडेवरची, मध्ये घळ असलेली जागा निवडावी. अस्वल आणि आपण यांत किमान शंभर मीटर अंतर असावे आणि पिल्ले असतील तर दीडशे. पाठीला खडक किंवा खोड असावे, म्हणजे आपली आकृती आकाशावर उठत नाही. दुर्बिणीने सगळा उतार एकदम चाळू नये. त्याचे पट्टे पाडावेत आणि प्रत्येक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहावा. काळा जळका बुंधा आणि अस्वल यांत पहिल्या वर्षी फरक कळत नाही. बुंधा समजून सोडलेल्या जागेकडे पाच मिनिटांनी पुन्हा पाहावे. कानही उघडे ठेवावेत, कारण वाळवी ओढताना अस्वल फुंकर मारून धूळ उडवते आणि मग घोरल्यासारखा मोठा आवाज करत ती शोषून घेते. शांत पहाटे हा आवाज शंभर मीटरपलीकडूनही स्पष्ट येतो.

सगळी काळजी घेऊनही जवळ गाठ पडलीच, तर पळू नये आणि झाडावरही चढू नये. अस्वल माणसापेक्षा वेगाने धावते आणि झाडावर उत्तम चढते. त्याच्याकडे तोंड ठेवून, हलक्या आवाजात बोलत, एकेक पाऊल मागे घ्यावे आणि त्याची निघून जाण्याची वाट मोकळी सोडावी. अंगावर आलेच, तर पालथे पडून तोंड जमिनीकडे करावे व दोन्ही हातांनी मान आणि डोके झाकावे, कारण त्याचे पंजे बहुतेक वेळा चेहऱ्यावर आणि डोक्यावर येतात. ते दूर जाईपर्यंत उठू नये.

परतण्याची वेळ आधीच ठरवलेली असावी. अस्वल अजून खात असतानाच, त्याचे तोंड दुसरीकडे असताना, सोंडेच्या मागच्या बाजूने उतरावे. खाली गावाच्या वाटेवर टोपल्या घेतलेल्या बायका भेटतात. कोणत्या मोहाखाली अस्वल आहे आणि ते कोणत्या बाजूने चढले, एवढे त्यांना थांबून सांगावे आणि मगच कंजेट्याच्या फाटकावर परतल्याची नोंद करावी.