युरोपातले छोटे विंचू: खाणं काय, किती आणि कधी

युरोपात कीटकशास्त्र शिकायला गेलात आणि यूस्कॉर्पियस गटातले विंचू सांभाळायचं काम अंगावर आलं, तर रोज काहीतरी खायला घालायचा मोह आधी आवरा. शेपटीसकट ३ ते ५ सेंटिमीटरचे हे प्राणी उपासमारीने क्वचितच दगावतात. अति खाणं, डब्यात उरलेला जिवंत किडा आणि नको इतकी ओल, या तीन गोष्टी मात्र त्यांना महागात पडतात.

कारण त्यांच्या मूळच्या राहणीत आहे. याच कुळातला पिवळ्या शेपटीचा विंचू दक्षिण युरोपातला, पण इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या शीअरनेस गोदीच्या भिंतींत त्याची वसाहत एकोणिसाव्या शतकापासून टिकून आहे. अंधार पडला की तो फटीच्या तोंडाशी येतो, पकडी पुढे करतो आणि वाट बघत बसतो. शिकारीमागे धावणं त्याच्या स्वभावात नाही. तिथे त्याचं मुख्य खाणं म्हणजे वुडलाऊस, ओल्या दगडाखाली सापडणारा चौदा पायांचा करडा किडा. शिवाय छोटे कोळी, माश्या, पतंग, आणि संधी मिळाली तर स्वतःहून लहान विंचूसुद्धा. म्हणून एका डब्यात एकच ठेवा.

त्याची नजर बेताचीच. पकडींवरच्या बारीक केसांना हवेची हालचाल कळते, पायांना जमिनीची थरथर. मेलेला किडा नुसता ठेवून दिला तर बहुतेक वेळा तसाच राहतो. चिमट्यात धरून पकडीजवळ हलकेच हलवला तर तो झडप घालतो. लहान भक्ष्याला नांगी मारायची गरज त्याला सहसा भासत नाही, पकडीतच काम होतं. मग तोंडाजवळच्या छोट्या आकड्यांनी फाडायचं, त्यावर पाचकरस सोडायचा आणि पातळ झालेलं शोषून घ्यायचं. याला काही तास लागतात. शेवटी न पचणाऱ्या तुकड्यांची गोळी उरते. ती लगेच उचला, नाहीतर बुरशी आणि माइट नावाचे कोळ्यांसारखे बारीक जीव येतात.

भक्ष्याचा आकार शेपूट सोडून उरलेल्या शरीराच्या निम्म्यापर्यंत असावा. ४ सेंटिमीटरच्या विंचवाला ७ ते १० मिलिमीटरचा रातकिडा किंवा झुरळाचं छोटं पिल्लू पुरतं. उन्हाळ्यात मोठ्याला ८ ते १० दिवसांनी एक, वाढत्या पिल्लाला ४-५ दिवसांनी. द्यायचं ते संध्याकाळी दिवे मालवल्यावर, आणि २४ तासांत खाल्लं नाही तर काढून घ्यायचं. इथे आळस नको: कात टाकणारा विंचू मऊ आणि असहाय असतो, भुकेला रातकिडा त्यालाच कुरतडतो. मीलवर्म, म्हणजे पिठात होणाऱ्या भुंग्याची अळी, दिलात तर डोकं चेपून द्या, नाहीतर मातीत शिरतो आणि नंतर तोच त्रास. सफाईला दोन-चार वुडलाऊस ठेवायला हरकत नाही, मात्र कात टाकायच्या सुमारास तेही बाहेर. बागेतून गोळा करणार असाल तर तिथे कीटकनाशक मारलेलं नाही ना, हे विचारून घ्या.

वेळापत्रकापेक्षा पोट बघून ठरवणं बरं. पाठीवरची कवचं एकमेकांवर चढलेली दिसली तर भूक आहे. कवचांमधली फिकट त्वचा ताणलेली दिसली तर पुढची पाळी चुकवा. अर्थात गाभण मादीही अशीच फुगलेली दिसते. पिल्लू खाईनासं झालं तर बहुधा कात जवळ आलेली असते. पूर्ण वाढलेले विंचू कात टाकत नाहीत, तेव्हा त्यांच्या बाबतीत आधी थर्मामीटर बघा. थंडीत पचन मंदावतं. हिवाळ्यात ५ ते १० अंशांत ठेवणार असाल तर दोन-तीन आठवडे आधीच खाणं थांबवा, पाणी चालू ठेवा.

पाण्यासाठी बाटलीचं टोपण पुरे, आत एक खडा टाकून. आठवड्यातून एकदा डब्याचा एकच कोपरा ओला करायचा, बाकीचा कोरडा राहू द्यायचा.

या विंचवांचा डंख साधारणपणे सौम्य असतो, पण त्यावरून आलेला धीटपणा सुट्टीत कोकणात नेऊ नका. तिथल्या लाल विंचवाचं विष हृदयावर जातं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला तो त्याच्याच दंशावर.

पिल्लं जन्मतात ती आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, काही खात नाहीत. या काळात डबा हलवू नका. बिथरलेली आई पिल्लं खाऊन टाकते. ती खाली उतरून पांगली की प्रत्येकाला वेगळ्या छोट्या डबीत ठेवा. सुरुवातीला स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले उड्या मारणारे बारीक जीव) आणि उडू न शकणाऱ्या फळमाश्या द्या, एका वेळी एक-दोनच.