बल्ब बसला म्हणजे जमला असं नाही: लाइटच्या माळा लावताना या चुका टाळा

दसरा झाला की नागपुरात बर्डीच्या बाजारात माळा घ्यायला जी गर्दी होते नं, त्यात अर्धे लोक दुकानदाराला एकच विचारतात, "भाऊ, यात कोणता बल्ब बसते?" पण नुसता बसून काय उपयोग, मी असे बसलेले तीन बल्ब उडवलेत, तो किस्सा पुढे येतोच.

आधी होल्डर पाहा. घरातला ओळखीचा होल्डर म्हणजे दोन पिनांचा, दाबून फिरवायचा, तो बी-२२. गच्चीवर टांगायच्या मोठ्या बल्बच्या माळा बऱ्याचदा चूडीवाल्या, म्हणजे आटे फिरवून बल्ब बसवायच्या, येतात, ई-२७ नाहीतर त्याहून बारीक ई-१४. आकडा म्हणजे बल्बच्या टोपीची जाडी मिलिमीटरमध्ये, बस. दुकानात जाताना जुना बल्ब काढून खिशात टाका, मोबाइलमधला फोटो दाखवू नका, फोटोत ई-२७ काय नि ई-१४ काय, दोन्ही सारखेच दिसतात.

आता माझे तीन बल्ब. मावसभावाने अमेरिकेतून एक माळ आणली, एकदम देखणी, मी बाजारातून प्लगचा अडॅप्टर आणला, तीन बल्ब लावून पाहिले आणि बटन दाबलं तर फट्‌ फट्‌ फट्‌. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, आणि अडॅप्टर फक्त पिना बदलते हो, व्होल्टेज नाही! व्होल्टेज दुपटीजवळ गेलं की तारेच्या बल्बचे वॅट तिपटीच्या आसपास जातात, मग तो कसा टिकेल. त्यांचा ई-२६ आपल्या ई-२७ मध्ये आरामात बसतो, म्हणून तर फसायला होतं. बल्ब इथले घेऊन काम भागवू असंही करू नका, त्या माळेची वायर नि होल्डरही तिकडच्याच व्होल्टेजच्या हिशोबाचे असतात.

वॅटकडे तर कोणी पाहतच नाही. २५ होल्डरच्या माळेत ६० वॅटचे पिवळे बल्ब लावले तर झाले १५०० वॅट, म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि आपला साधा सॉकेट ६ अँपिअरचा. वर ती बारीक वायर. अर्ध्या वॅटचे एलईडी लावले तर तीच माळ साडेबारा वॅटमध्ये चालते. जुना 'झिरोचा' बल्बही झिरो नसतो बरं का, १२-१५ वॅट खातो.

बारीक तांदळाएवढ्या बल्बच्या जुन्या माळेचा हिशोब वेगळाच, तिथे बल्ब एकामागे एक, सिरीजमध्ये असतात, ४० बल्ब असले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ६ व्होल्ट. एक गेला की सगळी माळ बंद. मग आपण काय करतो, गेलेला बल्ब कापून दोन वायरी पिळून टाकतो. एखादा असा काढला तर चालून जातं, पण पाच-सहा काढले की उरलेल्यांवर जास्त व्होल्ट येतात, ते झगमगतात आणि चार दिवसांत एकेक करून जातात. दुसऱ्या माळेतला दिसायला सारखा बल्ब खुपसला तरी गडबड, त्याचे व्होल्ट नि वॅट जुन्याशी जुळले पाहिजेत.

चूडीवाला बल्ब पूर्ण फिरवला तरी पेटत नाही? बहुतेक वेळा होल्डरच्या तळातली पितळी पत्ती दबलेली असते, बल्बच्या बुडाचा टिकला तिला टेकतच नाही. प्लग काढा आणि पेचकसाच्या टोकाने ती पत्ती किंचित वर उचला, झालं. नुसतं बटन बंद करून हात घालू नका, बटन कधीकधी करंट आणणाऱ्या वायरीऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवर असतं आणि दोन पिनांचा प्लग उलटा गेला की चूडीतच करंट असू शकतो, बल्ब फिरवता फिरवता बोट लागलं की कळतं. बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहत असेल तर त्याच न्यूट्रलचा संशय घ्या आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गच्चीवर लावताना होल्डरचं तोंड खाली ठेवा, आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरातही गाठतो. पाणी शिरलं की पत्तीवर हिरवट थर येतो. तो सँडपेपरने घासत बसू नका, होल्डरच बदला. मी घासला होता, दोन दिवस मस्त चालला आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पाहुणे गेटवर असताना, नेमका तोच बंद पडला.