सांगली जिल्ह्यासाठी विधी सेवेचा वार्षिक आराखडा: बैठकीआधीची तयारी

मोफत वकील पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा आराखडा एप्रिलपासून चालू करायचा तर कामाला जानेवारीतच लागावं लागतं. मार्चअखेरीच्या घाईत बसलं की गेल्या वर्षीची फाइल निघते, तारखा बदलतात, शिबिरांचा आकडा थोडा वाढतो आणि सही होते. शिबिरं व्हायला हवीत, पण शिबिरांचं वेळापत्रक म्हणजे आराखडा नव्हे. मोफत वकील मागायला आलेल्या बाईचं वकीलपत्र कोर्टात कोणत्या तारखेला दाखल झालं, हे ज्या कार्यालयाला सांगता येत नाही त्याने नवीन काही ठरवण्याआधी ती तारीख शोधावी. खालची बहुतेक तयारी त्या एका तारखेसाठीच आहे.

म्हणून पहिलं काम जुन्या रजिस्टरचं. गेल्या बारा महिन्यांतला प्रत्येक अर्ज एका ओळीत घ्या आणि पुढे रकाने आखा: अर्ज आल्याची तारीख, निर्णयाची, वकील नेमल्याची, वकीलपत्र दाखल झाल्याची, कोर्टातली पुढची तारीख आणि निकालाची. शेवटचा रकाना सीएनआर क्रमांकाचा, म्हणजे कोर्टातल्या प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाचा. हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक एकदा लिहून ठेवला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रकरणाची स्थिती जागेवर दिसते, वकिलाला फोन करत बसावं लागत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) २०१० च्या विनियमांप्रमाणे अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा. तेवढा बहुधा होतो. रकाने भरायला घेतले की रखडपट्टी दिसते ती नेमणूक आणि वकीलपत्र यांच्यामध्ये, आणि तिची कारणं ठरलेली असतात. नेमणुकीचं पत्र वकिलाला जातं, अर्जदाराला कोणी कळवत नाही. अर्जावर लिहिलेला मोबाइल भाच्याचा किंवा शेजाऱ्याचा निघतो. आधीचा खासगी वकील ना-हरकत देत नाही, कागदही सोडत नाही, आणि नवा वकील त्याशिवाय उभा राहायला कचरतो.

यातल्या प्रत्येक गोष्टीला आराखड्यात जागा द्या. अर्जाच्या नमुन्यात दोन फोन नंबर, आणि दुसरा कोणाचा हेही. नेमणुकीच्या पत्रात वकील आणि अर्जदार दोघांची नावं-नंबर, एक प्रत अर्जदाराच्या हातात. दोघांची पहिली भेट त्याच आठवड्यात, फ्रंट ऑफिसमध्ये, म्हणजे प्राधिकरणाच्या मदत कक्षात. ना-हरकत अडली तर आठ दिवस वाट बघून प्राधिकरणाच्या सचिवांचं पत्र, त्यानेही नाही हललं तर कोर्टाकडे परवानगीचा अर्ज. अर्जाच्या डोक्यावर लाल शाईने मुदत लिहायची सवय लावा: दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवस, दंडाधिकाऱ्यांच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील ३० दिवस, चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून नोटिशीला ३० दिवस. मुदत संपायला चार दिवस असताना आलेला अर्ज रांगेत सातव्या दिवसापर्यंत पडून राहिला, तर नियम पाळूनही त्या माणसाचं नुकसान झालेलंच असतं.

फ्रंट ऑफिसच्या टेबलावर पात्रतेचा अर्ध्या पानाचा तक्ता चिकटवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ मध्ये महिला, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतला माणूस, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचा बळी आणि आपत्तीत सापडलेली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. ती लागते बाकीच्यांना, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत. तरीही पोटगीसाठी आलेल्या बाईला ‘आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणा’ असं सांगून परत पाठवलं जातं. आटपाडीहून आलेली बाई अशी एकदा परत गेली की दुसऱ्यांदा येईलच याचा भरवसा नाही. आणि ज्यांना अट लागते त्यांच्याही उत्पन्नाबाबत कलम १३ प्रमाणे प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. संशय घ्यायला सबळ कारण असेल तरच पुढची चौकशी. प्रतिज्ञापत्राचा छापील मराठी नमुना टेबलावरच ठेवा.

सांगलीसाठी कलम १२ मधला एक भाग फार मोलाचा आहे: पूर, दुष्काळ आणि भूकंप यांनी गांजलेला माणूसही त्यात येतो. म्हणजे कृष्णा-वारणेच्या काठावरचा पूरग्रस्त आणि जत, आटपाडी, कवठे महांकाळचा दुष्काळग्रस्त उत्पन्न न मोजता पात्र ठरू शकतो. हे तक्त्यात जाड अक्षरांत हवं. जो कशातच बसत नाही, म्हणजे व्यापाऱ्याने द्राक्षांचे पैसे बुडवलेला बऱ्यापैकी बागायतदार वगैरे, त्यालाही हात हलवत पाठवू नका. लोकअदालत आणि मध्यस्थी सगळ्यांना खुली आहे, तिकडचा अर्ज भरून घ्या. १५१०० हा टोल फ्री क्रमांक तक्त्याच्या तळाशी.

यानंतर जिल्ह्याचं वर्ष मांडा. कॅलेंडरवरचे ‘दिन’ नंतर घाला, ९ नोव्हेंबरचा विधी सेवा दिन कोणी विसरत नाही. आधी पाणी आणि ऊस.

पुराची तयारी मे संपायच्या आत पुरी व्हावी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. सगळा जिल्हा पावसाळ्यात हे आकडे बघतच असतो, तेच आराखड्यात वापरा. ४० फुटांना विधी स्वयंसेवकांची फोनसाखळी चालू, ४५ फुटांना निवारा केंद्रांवर कोण जाणार ते नावानिशी ठरलेलं. हरिपूर, ब्रह्मनाळ, भिलवडी, अंकलखोप या पट्ट्यासाठी स्वयंसेवक शक्यतो त्याच गावचे पण उंचावर राहणारे निवडा. पाण्यात अडकलेला स्वयंसेवक कोणाच्याच उपयोगाचा नाही. प्लास्टिकच्या पिशवीत कोरे अर्ज, प्रतिज्ञापत्राचे नमुने, शाईचा पॅड आणि रजिस्टर, असा संच प्रत्येकाकडे. पूर ओसरल्यावरचे वाद सहसा तीन प्रकारचे. पंचनाम्यात नाव मालकाचं आणि भिजलेला संसार भाडेकरूचा. घर मयत सासऱ्यांच्या नावावर, म्हणून अनुदान अडलेलं. आणि विम्याचा दावा ‘कागद अपुरे’ म्हणून नाकारलेला, कारण कागद पाण्यात गेले. तिन्हींसाठी अर्जांचे मसुदे आधीच तयार असले तर स्वयंसेवक जागेवर भरून घेऊ शकतो. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: रस्ते बंद असताना कोर्टात हजर न राहिलेल्या आरोपीवर वॉरंट निघतं. बंद रस्त्यांची तहसीलची यादी रोज आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयाकडे जाईल अशी सोय करा, म्हणजे त्या गावांतल्या पक्षकारांसाठी गैरहजेरी माफीचे अर्ज त्याच दिवशी देता येतात.

ऊसतोडीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. बीडकडून, जतकडून आलेल्या टोळ्या कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात कोप्या घालून राहतात आणि पहाटेच फडात जातात. सकाळी अकराला मंडप घालून शिबिर ठेवलं तर ऐकायला कारखान्याचे कर्मचारीच बसतात. जायचं ते संध्याकाळी, कोप्यांवर, भाषण न करता. बरोबर बाई स्वयंसेवक हवीच. विचारायचं ते टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल आणि तिचा हिशेब, कोयत्याचा (म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याचा) दर, अपघात, पोरांची शाळा. मुकादम जवळ उभा असेपर्यंत खरं उत्तर मिळणार नाही, म्हणून एकाने मुकादमाशी बोलत राहायचं आणि दुसरीने बायकांशी. टोळी मार्चमध्ये परत जाते, तेव्हा अर्जावर गावाकडचा पत्ता घ्या आणि प्रकरण तिकडच्या जिल्हा प्राधिकरणाकडे पाठवायची पद्धत आधीच ठरवून ठेवा.

जतचा वेगळा विचार करा. उमदी, संख या पूर्व भागातून विजयनगरच्या जिल्हा न्यायालयापर्यंतचं अंतर शंभर किलोमीटरच्या वर, आणि घरातली बोली अनेकांची कानडी. तिथे मराठीतली पत्रकं वाटून काम संपत नाही. कानडी बोलणारे निदान दोन स्वयंसेवक आणि पॅनलवर (प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीवर) एक वकील, ठरलेल्या बाजारच्या दिवशी ठरलेल्या जागी बसणारे, एवढी तरी सोय हवी. भाषांतराचा, टंकलेखनाचा, प्रमाणित प्रतींचा खर्च विधी सहाय्यातच धरलेला आहे, तो मागायला संकोच नको.

पॅनलची यादी कामाच्या प्रकारानुसार लावा. लोकअभिरक्षक कार्यालय फौजदारी बघतं, म्हणून पॅनलवर कौटुंबिक, दिवाणी, अपघात दावे आणि महसूल यांची माणसं लागतात. महसूल हाच दुबळा दुवा. गावाकडचे प्रश्न वारस नोंदीचे, तक्रारी (हरकत घेतलेल्या) नोंदीचे, बांधाचे आणि वहिवाटीच्या रस्त्याचे असतात; ते मंडल अधिकारी, तहसीलदार आणि प्रांतांपुढे चालतात. विधी सेवा कायद्यातल्या न्यायालयाच्या व्याख्येत अशी अर्धन्यायिक कामं करणारे अधिकारीही येतात, म्हणून तिथेही वकील देता येतो. जिल्हाधिकाऱ्यांखालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर महसुली अपिलाला ६० दिवस असतात, आणि ते ‘तलाठ्याला भेटून या’ म्हणण्यात निघून जातात. पॅनलवर किमान तीन वर्षं वकिली झालेली माणसं घ्या, पण महसुलासाठी त्याहून जुनीच बघा. कौटुंबिक प्रकरणं घेणाऱ्यांना पोटगीच्या अर्जाबरोबर मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र जोडायला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते सक्तीचं केल्यापासून त्याच्याविना अंतरिम पोटगी अडून राहते.

उच्च न्यायालयाच्या कामासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. जिल्ह्यातून अपिलासाठी जाणाऱ्या फाइलींचा जुना मुंबईचा पत्ता आणि जुने छापील फॉर्म रद्द करा.

कारागृहाच्या भेटीआधी अधीक्षकांकडून यादी मागवा आणि तीत अटकेची तारीख, कलम, आरोपपत्राची तारीख, जामिनाचा आदेश, वकिलाचं नाव हे रकाने असल्याची खात्री करा. नावांची नुसती यादी निरुपयोगी. तीन गोष्टी शोधायच्या. आरोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत आलं नसेल तर जामिनाचा हक्क उभा राहतो, पण आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज द्यावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आणि इतरांनी निम्मा काळ काढला असेल तर सुटकेचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेची कलमं त्यात नाहीत, आणि एकापेक्षा जास्त गुन्हे चालू असतील तरी अडतं. तिसरी सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित: जामीन मंजूर होऊनही आत बसलेले. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं आहे. कारण बहुतेक वेळा जामीनदार किंवा ऐपतीचा दाखला. लोकअभिरक्षकाने रक्कम किंवा अट कमी करण्याचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा. कैदी कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात हलवला गेला असेल तर त्याचं नाव यादीतून गळतं, तेवढं डोळ्यात तेल घालून बघा.

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जाहीर झाली की बँका, वीज कंपनी आणि ग्रामपंचायती दाखलपूर्व, म्हणजे अजून कोर्टात न गेलेल्या प्रकरणांचे गठ्ठे आणतात. गठ्ठा निदान दीड महिना आधी मागा, कारण जुन्या पत्त्यावर गेलेल्या नोटिसा परत येतात आणि दुसऱ्या फेरीला वेळ उरत नाही. घरपट्टीच्या नोटिसा ग्रामसेवकांच्या हातून गेल्या तर लवकर पोचतात. कर्जाच्या प्रकरणात सूट द्यायचा अधिकार असलेला अधिकारी टेबलावर बसणार, असं बँकेकडून लेखी घ्या. ‘वरून विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस पाठवला की सकाळ वाया. तडजोडीत हप्त्याची तारीख, रक्कम आणि खातं स्पष्ट लिहा. निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून मोघम वाक्य पुढे अंमलबजावणीत नडतं.

पैशाचं थोडक्यात: पॅनल वकिलांची बिलं दर महिन्याला रोजनाम्याच्या (कोर्टातल्या तारखेच्या नोंदीच्या) प्रतीसह घ्या आणि पुढच्या महिन्यात काढा. वर्षाची बिलं मार्चमध्ये साचली की चांगले वकील नवीन नेमणुका टाळायला लागतात. अर्जदाराकडून पैसे मागितल्याची तक्रार आली तर मात्र दोन्ही बाजू ऐकून नाव पॅनलवरून काढण्यापर्यंत जा.

बैठकीला तालुका समित्यांचे प्रतिनिधी, पोलिस, कारागृह, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, महसूल आणि वकील संघटना यांना बोलावताना सोबत वरचं रजिस्टर जोडा. तालुक्याचा अहवाल दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, आणि त्यात पहिली ओळ नेमणूक होऊन १५ दिवसांत वकीलपत्र न लागलेल्या प्रकरणांची. दिलेल्या प्रकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या संनियंत्रण समितीने ती ओळ आधी वाचावी, शिबिरांचे फोटो नंतर. पॅनलची मुदत संपणाऱ्या वकिलांकडची चालू प्रकरणं कोणाकडे जाणार, त्याची यादी मुदतीच्या महिनाभर आधी बनवा आणि प्रत्येक अर्जदाराला नव्या वकिलाचं नाव लेखी कळवा.